मदत हवी आहे: ईएसबीवरच्या सोप सर्व्हिसेस क्लाउडवर नेताना एसओए ठेवायचं की मोडायचं?

ईएसबीवर (सर्व्हिसेसमधले निरोप पोचवणारा मधला दुवा) ४२ सोप सर्व्हिसेस (एक्सएमएल निरोपांनी बोलणाऱ्या) आहेत, मागे ओरॅकल डेटाबेस, सगळं स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये. आता क्लाउडवर जायचं ठरलंय आणि बैठकीत 'क्लाउड आला की एसओएची (काम स्वतंत्र सर्व्हिसेसमध्ये वाटण्याच्या रचनेची) गरज उरत नाही' असं सांगितलं जातंय. चाचणीसाठी फक्त ऑर्डर सर्व्हिस क्लाउडमधल्या व्हर्च्युअल मशीनवर नेली, डेटाबेस जागेवरच ठेवला. आधी उत्तर ३०० मिलिसेकंदांत यायचं, आता जवळपास दीड सेकंद लागतो. सीपीयू २० टक्क्यांच्या वर जात नाही. मशीन मोठं घेऊनही फरक नाही. नेमकं काय तपासू?

प्रतिसाद १
आधी बैठकीतला मुद्दा. काम सर्व्हिसेसमध्ये कसं वाटायचं आणि त्यांच्यातला करार काय, हे एसओए ठरवतं. क्लाउडमुळे फक्त ते कुठे चालेल आणि क्षमता कशी मिळेल हे बदलतं. अमेरिकी मानक संस्था निस्टची २०११ ची क्लाउडची व्याख्या वाचायला द्या. सर्व्हिसेसची आखणी कशी करावी हे त्यात कुठेच नाही. ती तुम्हालाच करावी लागणार.

आता दीड सेकंद. एका ऑर्डरमागे डेटाबेसच्या किती फेऱ्या (विनंती जाऊन उत्तर परत येणं) होतात ते ट्रेसमध्ये (रिक्वेस्टच्या टप्प्याटप्प्याच्या नोंदीत) मोजा. लॅनवर (डेटा सेंटरच्या आतल्या नेटवर्कवर) फेरीला १ मिलिसेकंद धरला तर ४० फेऱ्यांचे ४० होतात. क्लाउड ते डेटा सेंटरच्या लिंकवर फेरी ३० मिलिसेकंदांची असेल तर १२००. बँडविड्थ वाढवून हा वेळ कमी होत नाही, मशीन वाढवून तर नाहीच.

सगळ्यात आधी फेच साइझ (एका फेरीत किती ओळी आणायच्या) बघा. ओरॅकलच्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये (जावा प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा भाग) तो मुळात १० असतो, म्हणजे ४०० ओळींना ४० फेऱ्या! ५०० करून पुन्हा मोजा. कायमचा उपाय मात्र एकच: सर्व्हिस आणि तिचा डेटा एकत्र हलवा.

धागाकर्ता
फेच साइझ १० च होता. ५०० केल्यावर ३५० मिलिसेकंद! मनापासून आभार. पण थोडा वेळ ट्रॅफिक नसला की पुढची पहिली रिक्वेस्ट लटकते.

प्रतिसाद २
ही निष्क्रिय जोडणी तुटल्याची खूण. वाटेतला फायरवॉल किंवा लोड बॅलन्सर ती गुपचूप विसरतो (ॲझ्युरच्या लोड बॅलन्सरची मर्यादा मुळात ४ मिनिटं आहे) आणि कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला उघड्या ठेवलेल्या डेटाबेस जोडण्यांचा साठा) मात्र तिला जिवंत समजून वापरायला जातो. पूलचा आयडल टाइमआउट (न वापरलेली जोडणी किती वेळाने बंद करायची) त्या मर्यादेच्या खाली आणा, उदाहरणार्थ १८० सेकंद.

आणि कृपया हे आजच बघा: लटकलेली रिक्वेस्ट ईएसबी आपोआप पुन्हा पाठवत असेल, तर एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ शकते. प्रत्येक ऑर्डरला क्लायंटकडूनच एकमेव क्रमांक येऊ द्या, टेबलात त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणारा नियम) ठेवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर एरर न देता पहिलंच उत्तर परत करा, नाहीतर ईएसबी प्रयत्न करतच राहील.