विंडोज ७ वर काही साइट उघडत नाहीत, पण जुनं डीटीपी सोडता येत नाही. काय करावं?

शाईपेन:
घरचा डेस्कटॉप: कोअर २ ड्युओ, ४ जीबी रॅम, विंडोज ७ (३२ बिट, सर्व्हिस पॅक १), क्रोम १०९.
तक्रारी तीन. बँकेची साइट उघडली की 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतं, कधीकधी मात्र व्यवस्थित उघडते. बिल भरायच्या एका साइटवर नुसतं पांढरं पान. आणि नव्या प्रिंटरचा सेटअप 'डिजिटल सिग्नेचर' तपासता येत नाही म्हणून मध्येच थांबतो. त्याच वायफायवर फोनमध्ये दोन्ही साइट उघडतात.
विंडोज बदलायचं नाही, कारण पत्रिकांचं काम पेजमेकर आणि मराठी फॉन्टच्या जुन्या पॅकेजवर चालतं. त्याचं डोंगल (पॅकेज चालायला लागणारं कुलूप, म्हणजे 'लॉक') मागच्या पॅरलल पोर्टला (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीला) आहे. काय सुचवाल?

खटपट्या:
तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळे आजार, एकाच औषधाने जाणार नाहीत. बँकेपासून सुरू करू. त्या इशाऱ्याच्या पानावर खाली बारीक अक्षरात एक कोड असतो. त्यात 'डेट इनव्हॅलिड' आहे, 'अथॉरिटी इनव्हॅलिड' आहे की 'व्हर्जन ऑर सायफर मिसमॅच'? पहिला असेल तर घड्याळ, दुसरा असेल तर बहुधा अँटिव्हायरस, तिसरा असेल तर ब्राउझर आणि साइट यांचं जमत नाही.
फोन तपासताना मोबाइल डेटा बंद होता ना, तेही बघा. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

गावठी_सर्व्हर:
विंडोज ७ वर लेट्स एन्क्रिप्टचं (साइटना सर्टिफिकेट देणारी संस्था) जुनं रूट सर्टिफिकेट, म्हणजे बाकीच्यांचा विश्वास ज्यावर टेकतो ते मूळ सर्टिफिकेट, ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं. त्यांचं नवं रूट 'आयएसआरजी रूट एक्स१' उतरवून विंडोजच्या 'ट्रस्टेड रूट' यादीत टाका, काम होईल.

खटपट्या:
@गावठी_सर्व्हर, हा उपाय बरोबर आहे, पण जागा चुकली. क्रोम १०९ स्वतःची रूट यादी बाळगतो आणि एक्स१ त्यात आहेच. विंडोजच्या यादीवर अवलंबून असलेल्या जुन्या मेल प्रोग्रॅमसाठी किंवा इंटरनेट एक्स्प्लोररसाठी तो उपयोगी. शिवाय 'कधीकधी उघडते' हे लक्षण सर्टिफिकेट संपल्याचं नसतं.

शाईपेन:
कोड 'डेट इनव्हॅलिड' आहे. मोबाइल डेटा बंदच होता. आणि हो, सकाळी चालू केला की तारीख २०१० ची दिसते, थोड्या वेळाने आपोआप सुधारते. रात्री भिंतीवरचं बटण बंद करते.

खटपट्या:
मग सापडलं. मदरबोर्डवरचा सेल गेलाय. वीज तुटली की घड्याळ मागे जातं, इंटरनेट लागल्यावर विंडोज वेळ आणतं, तोवर सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं ब्राउझरला वाटतं. सीआर२०३२, ३ व्होल्टचा नाण्यासारखा सेल. घड्याळाच्या दुकानातही मिळतो.
बदलताना: प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कडेची स्प्रिंग किंचित ढकलून जुना सेल काढा, नवा '+' बाजू वर ठेवून बसवा. २०३२ ऐवजी २०२५ बसवू नका. तो पातळ असतो, ढिला बसतो.
सेल काढला की बायोस (यंत्र चालू होतानाच्या मूळ सेटिंग) मूळ स्थितीला जाऊ शकतं, म्हणून आधी त्याच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा. हे टाळू नका. साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) 'एएचसीआय' वरून 'आयडीई' झाला तर विंडोज सुरू होताना निळा पडदा येतो, शेवटी ७बी असलेला कोड. लोक घाबरून फॉरमॅट मारतात. फक्त मोड परत लावायचा असतो.
आणि सेल येईपर्यंत बँकेच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून जबरदस्तीने पुढे जाऊ नका.

कंसाबाहेर:
पांढऱ्या पानाबद्दल. क्रोममध्ये ते पान उघडं असताना एफ१२ दाबा, 'कन्सोल' वर जा, पान रिफ्रेश करा. लाल ओळीत काय लिहून येतं?

शाईपेन:
'टू-सॉर्टेड इज नॉट अ फंक्शन'.

कंसाबाहेर:
झालं तर. टू-सॉर्टेड ही जावास्क्रिप्टची (साइट चालवणाऱ्या भाषेची) सोय क्रोममध्ये ११० पासून आली, आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. साइटवाल्यांनी नवी जावास्क्रिप्ट वापरली, जुन्या ब्राउझरची तजवीज केली नाही, म्हणून पान अर्ध्यात मरतं. कॅशे पुसून, क्रोम पुन्हा टाकून काही होणार नाही. एजही १०९ लाच थांबलाय, तो घेऊ नका.
फायरफॉक्सची ११५ ईएसआर शाखा (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) विंडोज ७ वर चालते, आणि टू-सॉर्टेड फायरफॉक्सला ११५ पासूनच कळतं. थोडक्यात वाचलात. ११५.१३ किंवा त्यापुढचीच घ्या. त्याआधीच्या प्रतींमधलं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलं, त्यामुळे त्यांत अ‍ॅड-ऑन बंद पडतात. हेही कायमचं नाही. उद्या कोणी 'ऑब्जेक्ट ग्रुपबाय' ही त्याहून नवी सोय वापरली की ११५ सुद्धा पांढरं पान दाखवेल.

गावठी_सर्व्हर:
प्रिंटरचं मी सांगतो, या वेळी जागा बरोबर असेल :) नव्या ड्रायव्हरवरची सही एसएचए-२ या नव्या पद्धतीची असते, मूळ विंडोज ७ ला ती पडताळता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून दोन फाइल घ्या. आधी केबी ४४९०६२८, मग केबी ४४७४४१९. हाच क्रम. तुमचं ३२ बिट आहे, म्हणजे एक्स८६ ची प्रत. एक्स६४ ची घेतली तर 'लागू नाही' म्हणेल. नंतर रीस्टार्ट. सेटअपने 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' नावाची फाइल नाही म्हटलं तर केबी २९९९२२६ लागेल.
पण खोक्यावर विंडोज ७ चा उल्लेख नसेल तर एवढं करूनही प्रिंटर चालेल याची हमी नाही.

शाईपेन:
मुलीच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन (यंत्राच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेलं दुसरं यंत्र) करून डीटीपी तिकडे नेलं तर?

कंसाबाहेर:
यूएसबी डोंगल असतं तर हो म्हटलं असतं. पॅरललचं जमणार नाही. लॅपटॉपला तो पोर्ट नाही, आणि यूएसबी-टू-पॅरलल वायर फक्त प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यातून दिसत नाही. कंपॅटिबिलिटी मोडनेही नाही. तो प्रोग्रॅमला विंडोजची आवृत्ती खोटी सांगतो, एवढंच.
माझं मत: जुनं यंत्र जसं आहे तसं डीटीपीला ठेवा. बँकेचे व्यवहार त्यावर करूच नका, फायरफॉक्स असला तरी. विंडोज ७ च्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला थांबल्या. बँकेसाठी लॅपटॉप वापरा, किंवा वेगळ्या १२० जीबी एसएसडीवर लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी हलकी सिस्टीम) टाका. कोअर २ ड्युओ ६४ बिट आहे, विंडोज ३२ असलं तरी अडत नाही. मिंट बसवताना विंडोजच्या डिस्कची वायर काढून ठेवा, मग चुकूनही पुसली जाणार नाही.
दोन्ही आलटून पालटून वापरलीत तर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स बोर्डावर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. नवा सेल खराब निघाला असं समजू नका. मिंटला बोर्डवरचं घड्याळ स्थानिक वेळेत ठेवायला सांगा.

शाईपेन:
सेल बदलला. तारीख राहते, बँकेचा इशारा गेला, फायरफॉक्समध्ये बिलाचं पान आलं. पण आता फॉन्टचं पॅकेज 'लॉक सापडत नाही' म्हणतंय!

खटपट्या:
बायोस मूळ स्थितीला गेलं असणार. 'इंटिग्रेटेड पेरिफेरल्स' किंवा तशा नावाच्या पानावर पॅरलल पोर्ट 'डिसेबल्ड' झालाय का बघा. चालू असेल तर मोड तपासा: एसपीपी, ईपीपी की ईसीपी. तुमच्या जुन्या फोटोत जो असेल तोच लावा, पत्ता ३७८. एफ१० दाबून सेव्ह.

शाईपेन:
फोटोत ईपीपी होता, आत्ता एसपीपी. बदलला, लॉक सापडलं.