मदत हवी आहे : मोटारसायकलची पूर्ण उतरलेली बॅटरी घरी सुरक्षितपणे कशी चार्ज करावी?

नमस्कार. वडिलांची मोटारसायकल अडीच महिने अंगणातील पत्र्याच्या शेडखाली उभी होती आणि नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तिची बॅटरी पूर्ण उतरली. बॅटरी १२ व्होल्ट, ५ अँपिअर-तास क्षमतेची, पाणी भरावे लागणारी आहे. काल मल्टिमीटरवर ११.८ व्होल्ट दिसले. पूर्ण चार्ज असताना हा आकडा १२.६ च्या वर असायला हवा. तीन कप्प्यांतील पाणी खालच्या खुणेखाली गेले होते, म्हणून त्यांत डिस्टिल्ड वॉटर घातले, तेही आतील शिशाच्या पट्ट्या बुडतील इतकेच, कारण चार्ज होताना पातळी वर येते.

माझी खरी अडचण चार्जरची आहे. शेजारच्या काकांकडे मोटारीचा चार्जर आहे, पण तो ४ अँपिअरपेक्षा कमी प्रवाह देत नाही, आणि अशा लहान बॅटरीला क्षमतेच्या एक दशांश, म्हणजे सुमारे अर्धा अँपिअर, प्रवाह योग्य मानतात. सीताबर्डीतील एका दुकानदाराने ‘दोन तास लावा, काही होत नाही’ असे सांगितले. मला ते पटले नाही, कारण जास्त प्रवाहाने बॅटरी तापते, पेट घेणारा हायड्रोजन वायू अधिक निघतो, आणि गाडीजवळ बहुतेक वेळ वडीलच असतात.

कृपया सांगावे, पूर्ण चार्ज झाल्यावर आपोआप थांबणारा, अर्धा ते एक अँपिअरचा चार्जर नागपुरात कोठे मिळेल? तसेच इतके दिवस उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर सल्फेट (चार्ज नीट धरू न देणारा कडक थर) जमले असेल, तर ती पुन्हा तग धरेल की नवीनच घ्यावी?