कोक्सच्या लाटेवर फिन तीन की चार?

खारवारा (धागालेखक)

ऑगस्टमध्ये दहा दिवस सर्फिंगसाठी मालदीवला, थुलुसधू बेटावर मुक्काम आहे. समोरच कोक्स. बेटावर कोका-कोलाचा कारखाना आहे, त्यावरून लाटेचं हे नाव. उजवीकडे फुटत जाणारी, चांगल्या दिवशी पूर्ण पोकळ होणारी लाट, आणि खाली प्रवाळ. मी शिकलो गोव्यात अश्वेमच्या पुळणीवर, नंतर मुल्कीला. दोन्हीकडे खाली वाळू. पडलं तर नाकातोंडात वाळू जाते, बाकी काही बिघडत नाही.

बोर्ड सहा फुटी, स्क्वॉश टेल (म्हणजे मागचं शेपूट गोलसर चौकोनी), पाच फिन-बॉक्सचा (बोर्डखाली फिन, म्हणजे कल्ले, बसवायच्या खाचा). म्हणजे थ्रस्टर (तीन फिन) किंवा क्वाड (चार फिन), दोन्ही जमतं. माझं वजन ७२ किलो. डावा पाय पुढे ठेवतो, त्यामुळे कोक्सवर तोंड लाटेकडेच राहणार.

माझं मत आधीच सांगतो. मधली फिन काढावी, मागे दोन छोट्या लावाव्यात. बॅरलमध्ये, म्हणजे लाटेच्या पोकळ नळीत, वळायचं नसतं, पळायचं असतं, आणि सरळ पळताना मधली फिन नुसती पाणी अडवते. पटत नसेल त्यांनी खोडून काढा.

पुणेरी ओहोटी

काढतो. 'पळायचं असतं' हे अर्धसत्य आहे. आपल्यासारख्यांची बॅरल हुकते ती वेग कमी पडल्यामुळे नाही. आपण घाबरून पुढे पळून जातो आणि छप्पर मागे पडतं, म्हणून हुकते. आत जायचं तर आधी थांबता आलं पाहिजे. थ्रस्टरवर मागच्या पायावर भार दिला की मधली फिन खाली रुतते, बोर्ड मंदावतं, लाट डोक्यावरून येते. क्वाडवर तोच भार दिला तर कित्येकदा बोर्ड आणखीच सुटतं.

आणि तीन फिन म्हणजे छोट्या लाटांचा प्रकार असंही कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ साली थ्रस्टरवर बेल्सची स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षी हवाईतल्या पाइपलाइनच्या लाटेवरची मास्टर्स स्पर्धाही. पाइपलाइनपेक्षा पोकळ, रीफवर (पाण्याखालच्या खडकावर) फुटणारी लाट तुम्हाला कुठली हवी?

उधाण

अहो, त्याच पाइपलाइनवर सत्तरच्या दशकात जेरी लोपेझ एका फिनवर बॅरलमध्ये उभा राहत होता. मग सगळ्यांनी सिंगल फिन लावायची का? कोण कशावर जिंकलं याने काही सिद्ध होत नाही. पाणी काय करतं ते बघा.

पोकळ लाटेत तुम्ही लाटेच्या उभ्या भिंतीवर वरच्या अंगाला, एका कडेवर तिरके असता. बोर्डची भिंतीकडची कड पाण्यात, दुसरी जवळपास हवेत. थ्रस्टरला त्या कडेवर एकच फिन असते आणि मधली शेपटाला. उभ्या भिंतीवर शेपूट जरा उचललं गेलं की मधलीची पकड जाते. क्वाडला त्याच कडेवर दोन फिन असतात, एकामागे एक, दोन्ही भिंतीत रुतलेल्या. मागून फेस ढकलत आला तरी त्या स्वच्छ पाण्यात राहतात. शिवाय मधे मोकळी वाट, त्यामुळे ओढ कमी. खारवारा, तुम्ही बरोबर आहात, पण कारण अर्धंच दिलंत. वेगाचं नंतर बघा, खरी कमाई पकडीची आहे.

भांगाची भरती

+१ उधाण. अवांतर: २०२४ च्या ऑलिम्पिकमधला ब्राझिलच्या सर्फर मेडिनाचा हवेत उभा असलेला फोटो बघून आमच्या सोसायटीतल्या तिघांनी सर्फिंग शिकायचं ठरवलं. ती ताहितीतली तेआहुपोओची धोकादायक लाट आहे, असं सांगितल्यावर एकाने पोहण्याचा क्लास लावला.

माडाखाली

तुम्ही सगळे लाटेकडे तोंड करून बोलताय. माझाही डावा पाय पुढे असतो, पण मी गेली काही वर्षं बालीला जाते. उलुवातू, पडांग पडांग, सगळ्या डावीकडे जाणाऱ्या लाटा, म्हणजे माझी पाठ लाटेकडे. पहिल्या वर्षी अशाच एका चर्चेवर विसंबून क्वाड लावलं होतं. सरळ रेषेत झकास. पण टाचेवर जोर देऊन खालून वर वळायला गेले की बोर्ड आधी ऐकायचंच नाही, आणि मग एकदम सुटायचं. दोन्ही कडांच्या मधे कसलाच आधार न लागणारी एक जागा असते, तिथे पाठमोरी असताना मी दरवेळी अडकायचे. चौथ्या दिवशी मधली फिन परत लावली.

हे सांगायचं कारण: थुलुसधूला फक्त कोक्स नाही. खाडीपलीकडे चिकन्स नावाची लाट आहे, आणि ती डावीकडे जाते. कोक्स झेपणार नाही अशा दिवशी तुम्ही तिकडेच जाणार, आणि तिथे तुमची पाठ लाटेकडे असेल. तेव्हा काय करणार?

खारवारा

चिकन्सचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. पण मग पाच बॉक्सचं बोर्ड घेतलंय कशाला? सकाळी वारा बघायचा, कुठे जायचं ते ठरवायचं, त्याप्रमाणे फिन बदलायच्या.

पुणेरी ओहोटी

करा. आणि चुकलात की दरवेळी फिनला दोष द्या. दहा दिवसांत नवी लाट, नवा रीफ, वर रोज नवं बोर्ड. फिन बदलली की बोर्ड बदलल्यासारखंच असतं. मी म्हणतो निदान पाच दिवस एकाच सेटवर काढा.

उधाण

याला सहमत, पण तो सेट क्वाड असावा :) आणि एक राहिलंच. मागचे दोन बॉक्स कुठे बसवलेत ते पट्टीने मोजा. कडेजवळ असतील तर वेग जास्त, वळणं लांबट. मधल्या रेषेकडे सरकवलेले असतील तर क्वाड बऱ्यापैकी थ्रस्टरसारखं वागतं, आणि माडाखाली ताईंना जो त्रास झाला तो कमी होतो. मागच्या फिन पुढच्यांपेक्षा छोट्याच घ्या. चारही सारख्या लावल्या तर शेपूट अडकल्यासारखं वाटतं, मग वळायचं म्हणजे धक्काबुक्की.

माडाखाली

उधाण, माझ्या बोर्डचे बॉक्स कडेजवळच होते, मान्य. तरी मी परत जाणार नाही.

खारवारा, फिन कुठल्याही लावा, पण एक जादा पुढची फिन बरोबर ठेवा. रीफला सगळ्यात आधी तीच लागते. तुमच्या फिन स्क्रूच्या असतील तर अॅलन की दोन न्या, एक हमखास हरवते. पाणी कमी असताना पडलात तर पाय खाली टेकायचा नाही, अंग पसरून पडायचं. प्रवाळाने कापलं तर गोड्या पाण्याने नीट धुवून आतले कण काढा. तिथे गेल्यावर याचा उपयोग फिनपेक्षा जास्त होईल.

खारवारा

बॉक्स मोजले. मधल्या रेषेपेक्षा कडेकडेच जास्त आहेत. तेव्हा पहिले पाच दिवस तीन फिन. सहाव्या दिवशी लाट कोक्सवर असेल तर मधली काढणार. मागच्या दोन छोट्या घेऊन ठेवतोय, पाण्यात जाताना शॉर्टच्या खिशातच ठेवीन म्हणतो, म्हणजे ऐनवेळी...

पुणेरी ओहोटी

खिशात फिन ठेवून पडू नका हो. कुठे लागेल ते इथे लिहिता येणार नाही.