क्रॉस बदलल्यानंतरची थरथर

तुम्ही लिहिलंय की अ‍ॅम्बेसेडरचे दोन्ही यूजे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंटमधले अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) नवीन टाकले, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची गती मागच्या अ‍ॅक्सलकडे नेणारा दांडा) परत चढवला आणि आता ताशी ६० किमीच्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. वरच्या उत्तरात शाफ्टचं बॅलन्सिंग करायला सांगितलंय पण त्याआधी कृपया शाफ्टचं फेजिंग बघा, म्हणजे दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत आहेत का ते.

काम करताना स्प्लाइनचा (लांब दात्यांचा) स्लायडिंग जॉइंट ओढून सुटा केला असेल तर तो परत घालताना एखाद दात पुढेमागे बसतो आणि मग दोन टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग दर फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, तो फरक दुसरा क्रॉस भरून काढतो, पण योक सरळ रेषेत असले तरच. शाफ्ट सपाट फरशीवर ठेवून बघा, लगेच कळतं. स्प्लाइनवर बाणाच्या खुणा असतात, वर्षानुवर्षांच्या ग्रीस-मातीखाली दिसत नाहीत, रॉकेलने धुवा.

दुसरं म्हणजे क्रॉसच्या टोकांवरचे सुई-बेअरिंगचे कप. आतली एक जरी सुई आडवी पडली तरी कप पूर्ण आत जात नाही, सर्क्लिप (कप धरून ठेवणारी क्लिप) खाचेत अर्धवट बसते आणि जॉइंट हाताला एका दिशेने जड लागतो. असा जॉइंट उघडाच, ठोकून बसवू नका.

डिफरन्शियलच्या फ्लँजवर (मागच्या अ‍ॅक्सलला शाफ्ट जोडायच्या चकतीवर) जुनी खूण नसेल तर चारही बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून लावा आणि थरथर कमी होते का बघा, पण नट सेल्फलॉकिंग नवीनच घ्या, जुने परत वापरू नका, तिथे खरंच जिवाशी खेळ आहे.