मदत हवी आहे : पेशी खरंच त्याच आहेत का, कुठे तपासू?

नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करतेय. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर एका अर्काची चाचणी चालू आहे. मार्चमध्ये निम्म्या पेशी मेल्या, मे महिन्यात त्याच डोसला ढिम्म! पेशी शेजारच्या लॅबमधून मागून आणलेल्या, नळीवर मार्करने लिहिलेलं पेशींचं नाव अर्धं पुसलेलं. हेला पेशी (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या, झपाट्याने वाढणाऱ्या) दुसऱ्या पेशींच्या नळ्यांत कुठेही घुसतात, म्हणून एसटीआर तपासणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) करायचीय. मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाचाही संशय आहे (त्याला पेशीभित्तिकाच नसते, मग तिच्यावरच मारा करणारं पेनिसिलिन काय करणार!). 2012 मध्ये अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या लोकांनी लिहिलं होतं, 53 गाजलेल्या संशोधनांपैकी 6 चेच निष्कर्ष पुन्हा जुळले. सर म्हणतात, "मार्चचेच आकडे पेपरात घाल अन् पाठव." मन होत नाही. विदर्भात कुणी ही तपासणी करून देतं का? की पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून नव्याच पेशी मागवू? आपल्या उन्हात कुरिअरने टिकतील का?