गडावर ग्रुप नेणाऱ्या गावातल्या वाटाड्याला परवाना लागतो का?

पाचनईकर

नमस्कार मंडळी. मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत राहतो, अकोले तालुका. वय २४. आयटीआय केलंय, पण हाताला काम गडानेच दिलं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून ग्रुप येतात, त्यांना वर नेतो, देऊळ, केदारेश्वराची गुहा, कोकणकडा दाखवतो. जेवण आमच्याच घरी. गावातली आणखी काही पोरं हेच करतात. आजवर कोणी कागद विचारला नव्हता.

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका संस्थेचा मोठा ग्रुप होता. मी त्या संस्थेचा कोणी नाही, त्या दिवसाची मजुरी तेवढी ठरली होती. नाक्यावर वही पुढे आली आणि लीडर कोण, असं विचारलं. संस्थेच्या मुलाने माझ्याकडे बोट केलं. 'ग्रुप प्रमुख' या रकान्यात माझं नाव, माझा मोबाइल, माझी सही. वर गेलो तर धुकं इतकं की चार पावलांपुढचं माणूस दिसेना आणि लोक फोटोसाठी कड्याकडे सरकत होते. एकेकाला हाताला धरून मागे आणलं. उतरताना एका ताईंचा पाय मुरगळला, तेवढ्यावर निभावलं. पण ती सही डोक्यातून जात नाही. कोणी कड्यावरून गेलं असतं तर पोलीस कोणाच्या दारात आले असते?

आता तीच संस्था म्हणते, आमच्याकडे 'सर्टिफाइड गाइड' म्हणून कायम ये, जूनमध्ये हिमाचलातल्या हमता पास या खिंडीच्या ट्रेकलाही पाठवतो. माझ्याकडे प्रमाणपत्र एकही नाही. सरकारचा गाइडचा परवाना नक्की कुठे मिळतो? गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला की तो मिळतो का? आणि महाराष्ट्रातला परवाना हिमाचलात चालतो का?

दोरवाली, नाशिक

तुला अरे-तुरे करते, माझ्या मुलाच्या वयाचा आहेस. मी गिर्यारोहणाचा ॲडव्हान्स आणि त्यानंतरचा इन्स्ट्रक्टरचा कोर्स केलेला आहे, आता नाशिकला मुलांना प्रस्तरारोहण शिकवते.

पहिलं उत्तर ऐक, कारण इथेच बहुतेक जण चुकतात. महाराष्ट्रात 'पर्वत मार्गदर्शक' असा एका माणसाच्या नावाने मिळणारा परवाना नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. त्यात नोंदणी सांगितली आहे ती आयोजकाची, म्हणजे जो पैसे घेऊन लोकांना ट्रेकला नेतो त्याची. ती पर्यटन संचालनालयाकडे होते आणि आपल्या भागासाठी त्यांचं कार्यालय नाशिकलाच आहे. आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, अटींची पूर्तता झाली की अंतिम. तिथे आयोजकाला दाखवावं लागतं की माझी माणसं प्रशिक्षित आहेत, प्रथमोपचार जाणतात, साधनं धड आहेत. म्हणजे तुझं शिक्षण, तुझा अनुभव हा त्यांच्या फाइलीतला कागद आहे. तुला 'सर्टिफाइड गाइड' म्हणून मिरवायचं आणि नोंदणीचं विचारलं की गप्प बसायचं, असं करणाऱ्या संस्थेत पाऊल ठेवू नकोस.

याआधी जुलै २०१८ मध्येही एक शासन निर्णय आला होता. त्यातल्या अटी गिरिभ्रमण करणाऱ्या छोट्या मंडळांना पेलणाऱ्या नव्हत्या आणि आमच्या लोकांनी त्याला विरोध केला. २०२१ चं धोरण त्याच्यापेक्षा कितीतरी बरं आहे. त्यामुळे कोणी जुना निर्णय तोंडावर फेकून घाबरवलं तर तारीख बघ.

आता कोर्सचं. बेसिक माउंटेनियरिंग कोर्स हा परवाना नाही, शिक्षण आहे. उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था, अरुणाचलात दिरांगची निमास, यांतलं कुठलंही चालेल. साधारण चार आठवडे जातात. ॲडव्हान्सला प्रवेश हवा तर बेसिकमध्ये 'ए' ग्रेड लागते, त्यामुळे नुसता उरकायचा म्हणून जाऊ नकोस. जागा फार लवकर भरतात, नोंदणी उघडली की त्याच दिवशी अर्ज टाक. तुझ्यासारख्या डोंगरातल्या मुलाला दम कमी पडणार नाही. बर्फावरचं चालणं, आइस ॲक्सने, म्हणजे बर्फातल्या कुदळीने, घसरण थांबवणं आणि उंचीचा आजार ओळखणं हे मात्र सह्याद्रीत शिकायला मिळत नाही, ते तिथे शिकशील.

पण त्याच्या आधी प्रथमोपचाराचा कोर्स कर. दवाखान्यापासून लांब असताना काय करायचं ते शिकवणारा, नुसत्या पट्ट्या बांधायचा नव्हे. तुझ्या गडावर रुग्णाला खाली आणायला किती वेळ लागतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणखी एक, कारण सांदण दरी तुझ्यापासून लांब नाही आणि उद्या तिथे दोर लावायला तुला बोलावतीलच. दोर हातात आला की तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटांतून ओढून बघायचा, नुसतं डोळ्यांनी नव्हे. कवच फुगलेलं लागतं, आत मऊ पोकळ जागा लागते, एखादा भाग काठीसारखा ताठ लागतो. असं काही लागलं तर तो दोर माणसांसाठी संपला. अँकर, म्हणजे दोर जिथे बांधतो ते आधार, दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले. पहिला माणूस खाली सोडण्याआधी दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यायचे. आयोजक 'वेळ नाही' म्हणाला तर तू उतरवायचं नाहीस. मजुरी बुडाली तरी चालेल.

हिमाचलचं सांगते. तिथे २००२ चा स्वतःचा पर्यटन नोंदणी कायदा आहे. त्यात ट्रॅव्हल एजंट, गाइड, साहसी खेळ चालवणारे, सगळ्यांनी जिल्ह्याच्या पर्यटन अधिकाऱ्याकडे नोंदणी करायची असते. साहसी खेळांचे वेगळे नियमही आहेत. महाराष्ट्रातली नोंदणी तिथे चालत नाही. हमताला जायचं तर पुण्याच्या संस्थेने तिथल्या नोंदणीकृत व्यावसायिकाबरोबर काम करायला हवं आणि लीडर त्याचा असायला हवा. पहिल्या खेपेला तू मदतनीस म्हणून जा. ४२०० मीटरच्या वर स्वतःचं डोकं कसं चालतं हे आधी बघायला हवं, दुसऱ्यांची जबाबदारी त्यानंतर.

काळा_कोट, संगमनेर

पाचनईकर भाऊ, तुमच्या सहीबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न खरा आहे.

ट्रेकमध्ये कोणी दगावलं आणि त्यामागे निष्काळजीपणा दिसला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. १ जुलै २०२४ पासून तेच लागू आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये कमाल शिक्षा २ वर्षं होती, आता ती ५ वर्षं आहे. पोलीस आधी विचारतात की ताबा कोणाकडे होता, निर्णय कोण घेत होतं. वहीतली 'ग्रुप प्रमुख' ही सही त्या प्रश्नाचं आयतं उत्तर ठरू शकते. पैसे कोणी घेतले, जाहिरात कोणाची, ग्रुप किती मोठा ठेवायचा हे कोणी ठरवलं, हे सगळं तुमच्या बाजूने मांडता येईल, पण त्यासाठी कागद हवा. यापुढे त्या रकान्यात आयोजकाच्याच माणसाचं नाव लिहायला लावा. तुमचं नाव 'स्थानिक वाटाड्या' म्हणून वेगळं लिहा. निघण्याआधी आयोजकाला व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा: आज मी वाट दाखवायला आहे, मजुरी इतकी, ग्रुपची जबाबदारी तुमची. ती ओळ जपून ठेवा. एवढ्याने सुटका होईलच असं नाही. वाट दाखवतानाची तुमची स्वतःची काळजी तुमच्याकडेच राहते.

लोकांकडून जे 'काही झालं तर आम्हीच जबाबदार' असं लिहून घेतात, त्या फॉर्मने निष्काळजीपणा धुतला जात नाही. फौजदारीत तर नाहीच.

हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात जायला परवानगी लागते. नाक्यावरची पावती म्हणूनच घ्यायची आणि माणसं मोजून घ्यायची. चाळीसची पावती आणि वर साठ माणसं, हे दुर्घटनेनंतर फार महागात पडतं. पावसाळ्यात जिल्हाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली बंदी घालतात, पूर्वी जिला १४४ म्हणायचे ती. बंदी असताना ग्रुप नेला तर तो वेगळा गुन्हा.

एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. शिवनेरी, लोहगड, रायगड असे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे पैसे घेऊन लोकांना फिरवून दाखवायला खात्याचा परवाना लागतो, १९५९ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलंय. ग्रुपबरोबर तिकडे जाणार असाल तर लक्षात असू द्या.

पाचनईकर

दोघांचे खूप आभार. संस्थेला फोन करून नोंदणीचा क्रमांक मागितला. 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले. कधी अर्ज केला विचारलं तर दुसऱ्या माणसाशी बोला म्हणाले. आयोजकाचं सोडा, पण आम्ही गावातली पोरं मिळून स्वतःच नोंदणी केली तर जमेल का? सगळ्या ग्रुपना आम्हीच वर न्यायचं आणि दरही आम्हीच ठरवायचा.

ग्रेनोबलवासी

मी मूळचा सातारचा, गेली काही वर्षं फ्रान्समध्ये आहे. इथलं सांगतो, कारण वरच्या चर्चेशी त्याचा थेट संबंध आहे.

इथे डोंगरात पैसे घेऊन माणसं न्यायची तर डिप्लोमा लागतोच, तो क्रीडा संहितेचाच भाग आहे. डिप्लोमाही दोन वेगळे. एक मध्यम उंचीच्या पायवाटांसाठी. त्याच्या धारकाला हिमनदीवर किंवा दोर किंवा क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे बर्फातले खिळे) लागतील अशा जागी ग्राहक नेता येत नाहीत. दुसरा उंच पर्वतांचा, त्याचं प्रशिक्षण शामोनीच्या राष्ट्रीय संस्थेत होतं आणि प्रवेशालाच आधी केलेल्या चढायांची यादी द्यावी लागते. डिप्लोमा नसताना काम केलं तर १ वर्ष कैद आणि १५,००० युरो दंड. तीच शिक्षा त्याला कामाला ठेवणाऱ्यालाही आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बिनप्रशिक्षणाचा माणूस पुढे करून मालक इथे मागे उभा राहू शकत नाही. पाचनईकरांच्या वहीत जे झालं ते इथे झालं असतं तर पहिला जाब संस्थेला विचारला गेला असता. आपल्याकडे माणसाच्या नावाचा परवाना आला तर तो असाच दोन पायऱ्यांचा यावा. पाचनईच्या वाटेवर जन्म काढलेल्या माणसाला हिमालयाचा कोर्स नाही म्हणून घरी बसवणं अन्यायाचं होईल.

दोरवाली, नाशिक

सातारकरांशी शंभर टक्के सहमत.

पाचनईकर, जमेल, आणि करच. तुमच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीत किंवा परिस्थितिकीय विकास समितीत आधी विषय मांड. अभयारण्यात वनखात्याला बाजूला ठेवून काही उभं राहत नाही आणि समितीच्या ठरावाला वजन असतं. मग संस्था किंवा भागीदारी, पॅन, बँक खातं, पर्यटन संचालनालयाचा अर्ज. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सुरुवातीला लागणार नाही. सहभागींचा अपघाती विमा मात्र पहिल्या ग्रुपपासून.

दर ठरवताना एका वाटाड्यामागे किती माणसं हे आधी ठरवा आणि पावसात तो आकडा कमी करा. प्रथमोपचाराच्या वर्गासाठी तुम्ही दहा-पंधरा जण तयार असाल तर शिकवणाऱ्या माणसाला मी पाचनईत घेऊन येते, तुम्हाला नाशिकला यायला नको. भात लावणीच्या आधीचा रविवार सांग. स्ट्रेचर मी आणते, पण दोन सरळ बांबू आणि घोंगडी तयार ठेवा, त्यांचं स्ट्रेचरही करून बघू.

पाचनईकर

ताई, समितीच्या अध्यक्षांशी आजच बोललो. ग्रामसभा पुढच्या आठवड्यात आहे, विषय घेतलाय. बांबू आहेत.