नेपल्समध्ये अस्सल पिझ्झा कुठे खावा? सोबत शाकाहारी आई आणि गुडघेदुखी असलेले बाबा आहेत

पार्ल्याची लेक

नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन मी इटलीला जाणार आहे. रोमचे चार दिवस ठरले आहेत आणि त्यानंतरचे अडीच दिवस नेपल्ससाठी मुद्दाम राखून ठेवले आहेत, कारण पिझ्झा ज्या गावचा आहे त्या गावात बसून तो खावा, ही बाबांची फार जुनी इच्छा आहे. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी तयार बेसवर सिमला मिरची, मका आणि भरपूर चीज घालून, तव्यावर झाकण ठेवून पिझ्झा होतो आणि मुंबईत बाहेर खाल्ला तरी तो साधारण त्याच वळणाचा असतो. मूळ पदार्थाची चव आम्हा तिघांपैकी कोणीच घेतलेली नाही.

अडचणी दोन आहेत. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभे राहवत नाही. आई काटेकोर शाकाहारी आहे. तिला चीज चालते, पण वासराच्या जठरातून काढलेले रेनेट (दूध गोठवून चीज करण्यासाठी घालतात तो घटक) घालून केलेले चीज ती खात नाही आणि तिला न सांगता ते खाऊ घालणे मला मान्य नाही. दुकानांच्या याद्या पुष्कळ वाचल्या, तरी कुठे, कोणत्या वेळी जावे आणि नेमके काय मागवावे, हे जाऊन आलेल्या कोणी सांगितले तर फार मदत होईल.

गिरगावकर

जहाजावरच्या नोकरीमुळे नेपल्सच्या बंदरात माझे अनेकदा जाणे झाले आणि प्रत्येक वेळी किनाऱ्यावर उतरल्यावर पहिले जेवण पिझ्झाचेच असे. तुम्ही नेपल्ससाठी अडीच दिवस राखलेत, याचा मला मनापासून आनंद झाला. बरेच लोक रोमहून सकाळी येतात, पॉम्पेई पाहतात आणि स्टेशनाबाहेर मिळेल ते खाऊन संध्याकाळी परत जातात.

सर्वांत जुन्या आणि साध्या चवीसाठी ‘दा मिकेले’ हे दुकान माझ्या मनात पहिले आहे. कोन्दुर्रो कुटुंबाचा हा व्यवसाय १८७० पासूनचा असून चेझारे सेर्साले नावाच्या रस्त्यावरील आजच्या जागेत तो १९३० पासून आहे. मुख्य रेल्वे स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत पोहोचता येते. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः दोनच प्रकार केले गेले, मार्गेरिता (टोमॅटो, मोझरेला चीज आणि बेझिल घातलेला) आणि मारिनारा (चीज नसलेला). अलीकडे त्यात एखाद-दुसऱ्याची भर पडली आहे. भिंतींना पांढऱ्या फरशा, संगमरवरी टेबले आणि समोर धगधगणारी भट्टी, एवढाच सारा थाट. दारात नंबराची चिठ्ठी मिळते आणि नंबर इटालियनमध्ये पुकारला जातो, म्हणून निदान शंभरपर्यंतचे आकडे पाठ करून जा.

जुन्या शहराच्या मधोमध सरळ जाणारा अरुंद रस्ता म्हणजे विया देई त्रिबुनाली. दोन माणसे हात पसरून उभी राहिली तर वाहन जाणार नाही अशी ही गल्ली आहे, पण पिझ्झाच्या दृष्टीने तिला तोड नाही. तेथील ‘सोर्बिल्लो’ १९३५ पासूनचे आणि ‘दी मात्तेओ’ १९३६ पासूनचे. १९९४ मध्ये जी-७ परिषदेसाठी आलेले अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन दी मात्तेओमध्ये पिझ्झा खाऊन गेले, ही गोष्ट तेथे अजूनही अभिमानाने सांगितली जाते. मला स्वतःला दी मात्तेओच्या दारातल्या काचेच्या कपाटाशी उभे राहून खाणे जास्त आवडते. तेथे चार घड्या घातलेला लहान पिझ्झा कागदात गुंडाळून देतात. त्याला ‘आ पोर्ताफोल्यो’ म्हणतात. टोमॅटोचा रस मनगटापर्यंत ओघळतो, म्हणून थोडे पुढे वाकून खावे लागते. आपल्याकडे स्टेशनाबाहेर वडापाव खाताना चटणी सांडू नये म्हणून आपण जसे वाकतो, अगदी तसेच.

‘ब्रांदी’ या दुकानात १८८९ मध्ये राफाएले एस्पोझितो यांनी राणी मार्गेरितासाठी लाल, पांढऱ्या आणि हिरव्या रंगांचा पिझ्झा केला, अशी कथा सांगतात आणि तेथे राजवाड्याकडून आलेले पत्रही लावलेले आहे. अभ्यासकांनी त्या पत्राच्या खरेपणाविषयी शंका उपस्थित केल्या आहेत, शिवाय टोमॅटो, मोझरेला आणि बेझिल घातलेल्या पिझ्झाचे वर्णन त्याआधीच्या लिखाणातही सापडते. बाबांना इतिहासाची आवड असेल तर दुकान बाहेरून पाहावे. जेवणासाठी मी दुसरीकडे जाईन.

मुलुंडची बेकर

गिरगावकरांनी दुकाने उत्तम सांगितली आहेत. मी आईंच्या प्रश्नाकडे वळते, कारण मी स्वतः शाकाहारी आहे आणि नेपल्सला गेले तेव्हा याच गोष्टीचा मला सर्वांत जास्त शोध घ्यावा लागला होता.

म्हशीच्या दुधाचे मोझरेला, म्हणजे ‘मोझरेला दी बुफाला काम्पाना’, हे संरक्षित नावाचे चीज आहे आणि त्याच्या नियमांतच वासराचे रेनेट सांगितलेले आहे. म्हणून नावात ‘बुफाला’ असलेला पिझ्झा आईंसाठी नाहीच. गाईच्या दुधाच्या मोझरेलाला तेथे ‘फियोर दी लात्ते’ म्हणतात. त्यात कोणते रेनेट आहे हे दुकानदाराला सांगता येईलच असे नाही, म्हणून तेही सोडावे लागेल. बऱ्याच ठिकाणी मार्गेरितावर किसलेले पेकोरिनो किंवा पार्मिजानो चीजही भुरभुरतात. पेकोरिनोला सहसा कोकराचे आणि पार्मिजानोला वासराचे रेनेट लागते.

मग उरतो तो मारिनारा. नाव समुद्रावरून आले असले तरी नेपल्सच्या मारिनारात मासा नसतो. त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल एवढेच असते, चीज अजिबात नसते. मासा असतो तो ‘रोमाना’ नावाच्या प्रकारात, आणि गंमत म्हणजे त्याच माशांच्या पिझ्झाला रोममध्ये ‘नापोलेताना’ म्हणतात. तुम्ही आधी रोमला जात आहात, तेव्हा हे नाव ध्यानात असू द्या.

पिठाच्या गोळ्याविषयी थोडे सांगते, कारण खरी कला तेथेच आहे. नेपल्सच्या पिझ्झासाठी पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढेच लागते. परंपरेने त्यात चरबी नसते. तरीही एकदा विचारून घ्यावे, कारण डुकराच्या चरबीला ‘स्त्रुत्तो’ किंवा ‘सुन्या’ म्हणतात आणि तिचा वापर दक्षिण इटलीत इतर पदार्थांत पुष्कळ होतो. तळलेल्या पिझ्झापासून आईंना दूर ठेवा. त्याच्या पारंपरिक सारणात रिकोट्टासोबत ‘चिकोली’ म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तंगीच्या काळात हा तळलेला पिझ्झा ‘आज खा, आठ दिवसांनी पैसे द्या’ अशा उधारीवर विकला जाई, म्हणून त्याला त्या शहराच्या मनात फार जिव्हाळ्याचे स्थान आहे. बाबा मांसाहारी असतील तर त्यांनी तो जरूर खावा.

मी एका दुकानात भट्टीसमोरचे टेबल मागून घेतले होते आणि सारा वेळ कारागिराच्या हातांकडे पाहत होते. लाटणे कुठेही नाही. मुरलेला गोळा तो पिठावर ठेवतो, बोटांच्या टोकांनी मधली हवा काठाकडे सारत नेतो आणि मग भाकरी या हातावरून त्या हातावर घेत थापावी तसा तो चकतीसारखा पसरवतो. कडेला मात्र बोट लावत नाही. ती कोंडलेली हवा भट्टीत गेल्यावर फुगते, आणि भाकरीवर पडतात तसे काळे ठिपके तिच्यावर उमटतात. हे ठिपके म्हणजे करपणे नव्हे. यूनेस्कोने २०१७ मध्ये वारसा म्हणून जी नोंद केली ती या हातांच्या कलेची, हे पाहिल्यावर मला त्यातले औचित्य पटले.

दादर पूर्व

गिरगावकरांच्या एका सूचनेशी मी आदराने असहमत आहे. बहात्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला जेवणाच्या वेळी दा मिकेलेला नेऊ नये. मी माझ्या सासऱ्यांना घेऊन शनिवारी रात्री तेथे गेलो होतो. नंबर लागेपर्यंत सव्वा तास फुटपाथवर काढावा लागला, बसायला कट्टासुद्धा नव्हता आणि आत गेल्यावर ते इतके थकले होते की अर्धा पिझ्झा तसाच राहिला. जायचेच असेल तर दुकान उघडण्याच्या दहा मिनिटे आधी, आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. अनेक जुनी दुकाने रविवारी बंद असतात, तेही आधी पाहून ठेवा.

तुमच्या कुटुंबासाठी मी दोन वेगळ्या जागा सुचवतो. पहिली ‘पोर्ताल्बा’. पियात्सा दान्ते या चौकाजवळच्या जुन्या वेशीच्या कमानीखाली ती आहे आणि तेथे १७३८ पासून पिझ्झा विकला जात असल्याचे सांगितले जाते. दान्ते हे मेट्रो स्टेशन अगदी जवळ असल्याने चालणे फार होत नाही. दुसरी ‘५० कालो’, समुद्रकाठच्या मेर्जेल्लिना भागातल्या पियात्सा सान्नाझारोमध्ये. चिरो साल्वो यांनी २०१४ मध्ये ती सुरू केली. त्यांचा भर पिठात पाणी जास्त ठेवण्यावर असतो, त्यामुळे पिझ्झा अतिशय हलका होतो आणि वयस्कर माणसांना रात्री जड वाटत नाही. जेवण झाल्यावर समोर समुद्रकिनारा आहे. बाबांना तेथे निवांत बसता येईल.

आणखी एक गोष्ट. नेपल्सचा पिझ्झा मध्यभागी ओलसर आणि मऊ असतो. युरोपीय संघाने २०१० मध्ये मान्य केलेल्या निकषांनुसार तो ४८५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंद भाजला जातो. मध्यभागी जाडी जेमतेम ०.४ सेंटिमीटर, कडेला १ ते २ सेंटिमीटर, आणि व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या कुरकुरीत बेसची सवय असलेल्या माणसाला पहिल्या घासाला तो कच्चा वाटतो. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या एका भारतीय कुटुंबाने ‘जरा आणखी भाजून आणा’ म्हणून तो परत पाठवला, आणि परत आला तेव्हा तो वातड झाला होता. आई-बाबांना हे आधीच सांगून ठेवा.

पार्ल्याची लेक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला मारिनाराबद्दल सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘चीजच नाही तर त्याला पिझ्झा कसे म्हणायचे?’ आम्ही दोघे मार्गेरिता खात असताना तिला उरलेसुरले मिळाल्यासारखे वाटू नये, एवढीच माझी काळजी आहे. आणि तिघांत दोन मागवले तर चालतात का?

मुलुंडची बेकर

दोन मागवू नका. तेथे प्रत्येकाचा स्वतंत्र पिझ्झा असतो, न कापता येतो आणि सुरी-काट्याने खातात. तिघांत दोन मागवले तर कोणी हाकलणार नाही, पण पिझ्झा गार होईपर्यंत वाटावाटीच चालते. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लावलेली दिसली तर ती चूक नव्हे, बसण्याचे ते शुल्क आहे.

आईंना हे सांगा की मारिनारा हा मार्गेरितापेक्षा जुना प्रकार मानला जातो आणि जुन्या दुकानांत कारागिराची परीक्षा त्यावरूनच होते, कारण चूक झाकायला वर चीज नसते. टोमॅटो आंबट असेल, पीठ नीट मुरलेले नसेल किंवा लसूण करपला असेल तर ते पहिल्याच घासाला कळते. चांगल्या दुकानात टोमॅटोचा गोडवा, तेल आणि भाजलेल्या पिठाचा वास एकत्र येतो. मला त्या वासाने लहानपणी पहाटे आमच्या गल्लीतल्या बेकरीतून लाकडाच्या भट्टीवरचा पाव बाहेर पडायचा, त्याची आठवण झाली होती.

मागवताना ‘मारिनारा, सेन्त्सा फोर्माज्जो, सेन्त्सा अच्चूगे’ असे म्हणा, म्हणजे चीज नको आणि अँकोव्ही मासे नकोत. हे वाक्य कागदावर लिहून आईंच्याच हातात द्या. वेटरला ते त्यांनीच दाखवू द्यात. आणि तिघांचे पिझ्झे एकदम येतीलच असे नाही, तेव्हा ज्याचा आधी येईल त्याने इतरांसाठी न थांबता लगेच सुरुवात करावी. पहिल्या पाच मिनिटांतला पिझ्झा आणि त्यानंतरचा, यांत फार अंतर पडते.